कृष्णद्रव्याचा निळा नकाशा कसा काढतात, आणि तो कुठवर खरा मानायचा

प्रश्न नाशिकच्या एका एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीचा आहे: "सर, बुलेट क्लस्टरच्या चित्रात कृष्णद्रव्य निळ्या रंगात दाखवतात. जे प्रकाश देत नाही, अडवतही नाही, ते कुठे किती आहे हे मोजतात कसं? एकाच क्लस्टरचं वस्तुमान वेगवेगळ्या पेपरांत वेगळं का येतं? आणि असा नकाशा मला प्रोजेक्टसाठी नाशिकमध्ये बसून काढता येईल का?"

बुलेट क्लस्टर म्हणजे एकमेकांतून आरपार गेलेले दीर्घिकांचे दोन समूह. आधी निळ्या रंगाचा विषय मिटवू. तो रंग कुठल्याही कॅमेऱ्यात आलेला नाही. गणितातून निघालेले आकडे डोळ्यांना दिसावेत म्हणून तो चित्रावर चढवलाय. त्याच चित्रातला गुलाबी रंग चंद्रा दुर्बिणीने टिपलेल्या क्ष-किरणांचा. क्ष-किरणही आपल्याला दिसत नाहीत, पण तिथून निदान फोटॉन आलेत. निळ्या भागातून काहीच आलेलं नाही. हे दोन रंग एका पंगतीचे नाहीत, आणि चित्राखालच्या दोन ओळींत हे सहसा कोणी सांगत नाही.

क्लस्टर म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या शेकडो ते हजारभर दीर्घिका. मोठ्या क्लस्टरचं वस्तुमान सूर्याच्या 1 वर 15 शून्यं इतके पट भरतं. त्यात ताऱ्यांचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के. दीर्घिकांच्या मधल्या जागेत पसरलेला तापलेला वायू दहा-पंधरा टक्के. उरलेलं सगळं कृष्णद्रव्य. ते मोजायचे रस्ते मुळात तीन: दीर्घिकांचे वेग, वायूचं तापमान, आणि मागून येणाऱ्या प्रकाशाचं वाकणं. प्रत्येकाची खोड वेगळी आहे, आणि कुठलाही एक रस्ता धरून काढलेल्या नकाशावर मी तरी पैज लावणार नाही.

वेगांचा रस्ता सर्वांत जुना. 1933 साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा क्लस्टरमधल्या मोजक्या दीर्घिकांचे वेग बघितले. वेगांतला फरक सेकंदाला हजार किलोमीटर आणि त्याहून जास्त निघाला. दिसणाऱ्या ताऱ्यांचंच वजन धरलं तर असा क्लस्टर केव्हाच विखरून गेला असता. झ्विकींचा आकडा आजच्या हिशेबाने बराच फुगलेला होता, कारण त्यांनी हबल स्थिरांक (विश्व किती वेगाने पसरतंय याचं माप) 558 धरला होता आणि आज तो 70 च्या आसपास आहे. शिवाय तापलेल्या वायूचा तेव्हा पत्ताच नव्हता. तरी निष्कर्ष टिकला. विरिअल प्रमेय, म्हणजे वेगांवरून बांधून ठेवणारं वस्तुमान काढायचा नियम, तुम्हाला शिकवलेलं असेलच. वेगांच्या पसाऱ्याचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले गुरुत्व स्थिरांक जी, आणि त्याला तीन ते पाचचा गुणक. त्यात सेकंदाला हजार किलोमीटर आणि दीड मेगापार्सेक घाल, वर दिलेला पंधरा शून्यांचा आकडा हाती येतो.

कोमा आपल्याला बघायलाही सोयीचा आहे. नाशिक 20 अंश उत्तरेला, कोमाची क्रांती (आकाशातलं अक्षांश) उत्तर 28 अंश. एप्रिल-मेच्या रात्री तो जवळजवळ डोक्यावरूनच जातो, अरुंधती केश तारकासमूहात. त्र्यंबकच्या पुढे नीट अंधार मिळाला तर आठ इंची दुर्बिणीतून एनजीसी 4889 आणि एनजीसी 4874 या त्याच्या दोन मोठ्या दीर्घिका पुसट डागांसारख्या दिसतात. तो प्रकाश 32 कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे.

पण वेगांवरून एकूण वजन कळतं, मांडणी फारशी कळत नाही. आपल्याला वेग फक्त दृष्टिरेषेच्या दिशेचा मिळतो. दीर्घिका केंद्राकडे सरळ ये-जा करताहेत की गोल फिरताहेत हे माहीत नसतं, आणि दोन्ही गृहीतकांत तेच वेग वेगळ्या मांडणीतून निघू शकतात. त्यात पुढच्या-मागच्या उपऱ्या दीर्घिका यादीत घुसतात.

दुसरा रस्ता वायूचा. त्याचं तापमान एक कोटी ते दहा कोटी केल्व्हिन, म्हणून तो क्ष-किरणांत चमकतो. वायूचा दाब बाहेर ढकलतो, गुरुत्व आत खेचतं, आणि दोघांची बरोबरी झाली असं मानलं की घनता आणि तापमान केंद्रापासून बाहेर कसं उतरत जातं यावरून आतलं वस्तुमान काढता येतं. 1999 मध्ये चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन्ही दुर्बिणी अवकाशात गेल्या आणि हे काम चांगलंच नेटकं झालं. पेच त्या "बरोबरी झाली" या शब्दांत आहे. वायूत खळबळ असेल तर तोल सांभाळायचं काही काम ती खळबळच करते, तापमानात ते दिसत नाही, आणि वस्तुमान कमी भरतं. ही तूट साधारण 10 ते 30 टक्के धरतात. जपानच्या हितोमी उपग्रहाने बंद पडण्याआधी 2016 मध्ये ययाति तारकासमूहातल्या पर्सियस क्लस्टरच्या गाभ्यातली खळबळ थेट मोजली. ती सेकंदाला 164 किलोमीटर भरली, म्हणजे बऱ्याच जणांच्या अंदाजापेक्षा शांत. पण तो एका क्लस्टरचा गाभा झाला. नुकत्याच धडकलेल्या क्लस्टरला ही सवलत देता येत नाही. धडक झाली का, हे ओळखायला रेडिओ दुर्बिणी कामी येतात, कारण धडकेतल्या शॉकमुळे कडेला रेडिओ लहरींच्या कमानी उमटतात. नाशिक-पुणे रस्त्याने जाताना नारायणगावहून आत खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 डिश आहेत. अशा कमानींवर तिथे पुष्कळ काम झालंय. कृष्णद्रव्य ती मोजत नाही, पण वायूच्या हिशेबावर कुठे विसंबू नये एवढं सांगते.

आता तिसरा रस्ता, गुरुत्वीय भिंग. निळा रंग इथूनच येतो.

वस्तुमान प्रकाशाला वाकवतं. ते तारे आहेत की वायू की कृष्णद्रव्य, शांत आहे की खवळलेलं, याच्याशी प्रकाशाला काही देणंघेणं नसतं. म्हणून हा रस्ता मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, आणि म्हणूनच त्याच्या अडचणीही तपशिलात समजून घ्यायला हव्यात.

केंद्राजवळ वस्तुमान इतकं दाट असतं की मागच्या एकाच दीर्घिकेच्या अनेक प्रतिमा दिसतात, काही ताणून लांब कमानी होतात. एबेल 370 मधली मोठी कमान 1980 च्या दशकात सापडली तेव्हा ती काय आहे यावर वाद झाला. 1988 मध्ये तिचा रेडशिफ्ट (प्रकाश तांबड्याकडे किती सरकला याचं माप, जास्त म्हणजे जास्त दूर) 0.724 मिळाला, क्लस्टरचा 0.37. म्हणजे कमान क्लस्टरच्या बरीच मागे होती, आणि वाद मिटला. अशा कमानी साधारण ज्या वर्तुळावर बसतात त्याच्या आतलं वस्तुमान जवळजवळ थेट काढता येतं. त्या वर्तुळाच्या आत सरासरी पृष्ठघनता (दर क्षेत्रफळामागे वस्तुमान) एका ठरावीक मूल्याइतकी असावीच लागते, आणि ते मूल्य फक्त अंतरांवर ठरतं. नेहमीच्या अंतरांसाठी ते दर चौरस सेंटीमीटरला अर्धा ग्रॅम किंवा थोडं जास्त येतं. पाच-सहा मिलिमीटर पाण्याचा थर, बस. पण तो लाखो प्रकाशवर्षं पसरलेला. एबेल 1689 मध्ये हे वर्तुळ सुमारे 45 आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) त्रिज्येचं आहे, तिथल्या अंतराला साडेचार लाख प्रकाशवर्षं. क्षेत्रफळ काढून गुणाकार केलास तर सूर्याच्या सुमारे 180 लाख कोटी पट वस्तुमान येईल. हे गणित कागदावर अर्ध्या पानात होतं. क्लस्टरच्या अभ्यासात याच्याइतका भरवशाचा आकडा दुसरा नाही.

वर्तुळाच्या आत ते वस्तुमान कसं पसरलंय, हे विचारलंस की भरवसा उतरायला लागतो. प्रतिमा असतात काही डझन ते शंभरावर. त्यांच्या मधल्या जागा मॉडेलने भरायच्या. बहुतेक गट आधी एक-दोन मोठे गोळे मांडतात आणि मग प्रत्येक दीर्घिकेभोवती तिच्या तेजाच्या प्रमाणात एक लहान गोळा ठेवतात. त्यामुळे अशा नकाशात दीर्घिकांभोवती कृष्णद्रव्य दिसलं तर हरखून जाऊ नकोस, ते आपणच तिथे ठेवलेलं असतं. काही गट तेजाकडे न बघता नुसत्या प्रतिमांवरून मोकळा नकाशा काढतात. त्यांचे नकाशे ओबडधोबड दिसतात, पण गृहीतक कमी असतं.

मॉडेल खरी ठरतात का, याची एक फार सुंदर परीक्षा झाली. नोव्हेंबर 2014 मध्ये एमएसीएस जे1149 या क्लस्टरमागच्या एका दीर्घिकेत फुटलेला तारा चार प्रतिमांत दिसला. स्युर रेफस्डाल यांनी 1964 मध्येच भिंगामागच्या सुपरनोव्हाचा उपयोग सुचवला होता, म्हणून त्याला रेफस्डाल नाव दिलं. त्या दीर्घिकेची आणखी एक प्रतिमा क्लस्टरमध्ये दुसऱ्या जागी होती, आणि तिथे प्रकाश लांबच्या वाटेने येणार होता. वेगवेगळ्या गटांनी आपापल्या वस्तुमान-नकाशांवरून तिथे स्फोट केव्हा दिसेल हे आधीच छापून टाकलं. 11 डिसेंबर 2015 ला हबल अवकाश दुर्बिणीला तो दिसला, चांगल्या मॉडेलांनी सांगितलेल्या सुमारालाच. कोणालाही नंतर बोट फिरवायला जागा नव्हती. याखेरीज संगणकावर बनवलेल्या दोन खोट्या क्लस्टरांवर, नावं एरीस आणि हेरा, सगळ्या गटांची झाकली परीक्षाही घेतली गेली. वर्तुळाच्या आतलं एकूण वस्तुमान बहुतेकांनी काही टक्क्यांत बरोबर काढलं. बारीक मांडणीत मात्र फाटे फुटले.

केंद्रापासून बाहेर गेलं की कमानी संपतात. तिथे मागच्या दीर्घिका फक्त किंचित चपट्या होतात, आणि हा चपटेपणा मोजायच्या पद्धतीला दुर्बल भिंग म्हणतात. 1990 मध्ये टायसन, वाल्डेस आणि वेंक यांनी तो पहिल्यांदा क्लस्टरभोवती पकडला, 1993 मध्ये कायझर आणि स्क्वायर्स यांनी चपटेपणावरून थेट वस्तुमानाचा नकाशा काढायचं सूत्र दिलं. अडचण ही की दीर्घिका मुळातच लांबट असतात, आपापल्या मर्जीच्या दिशेला. निफाडकडच्या गव्हाच्या शेतात एकेक ताट वाटेल तसं कललेलं असतं, पण हजार ताटांचा सरासरी कल काढला तर वारा कुठून वाहतोय ते कळतं, तसं हे आहे.

आकड्यांत बघ. दीर्घिकेचा स्वतःचा लांबटपणा 0.3 च्या घरातला. भिंगाने आलेला ताण बाहेरच्या भागात 0.03. तो 0.01 च्या त्रुटीने मोजायचा तर 0.3 भागिले एनचं (दीर्घिकांच्या संख्येचं) वर्गमूळ, म्हणजे 900 दीर्घिका हव्यात. जमिनीवरच्या चांगल्या दुर्बिणीतून दर चौरस आर्कमिनिटाला कामाच्या वीसेक मिळतात. तर 45 चौरस आर्कमिनिटांचा एक तुकडा झाला, जवळपास पावणेसात आर्कमिनिट बाजूचा. 0.2 रेडशिफ्टवर त्याची रुंदी चाळीस लाख प्रकाशवर्षांहून जास्त. म्हणजे बाहेरच्या भागात तुझ्या नकाशाचा एक ठिपका एवढा मोठा! आणि पेपरातल्या नकाशात त्याहून कितीतरी बारीक फुगवटे रंगवलेले असतात. त्यातले बरेच नुसता गोंगाट असतो. केंद्राकडे ताण वाढतो, अवकाशातून दर चौरस आर्कमिनिटाला दीर्घिकाही कितीतरी जास्त मिळतात, तेव्हा चित्र सुधारतं. पण नकाशाबरोबर त्रुटीचा नकाशा दिला नसेल तर मी फुगवट्यांवर चर्चाच करत नाही.

दुसरी मेख दुर्बिणीची. हवा, आरशांतला सूक्ष्म वाक आणि मार्गक्रमणातली थरथर यांनी प्रतिमा ताणली जाते, आणि हा ताण आपल्याला हव्या त्या ताणाहून मोठाही असू शकतो. तारे ठिपकेच असायला हवेत, म्हणून त्यांच्या आकारावरून दुर्बिणीचा दोष मोजून दीर्घिकांमधून वजा करतात. तो नीट वजा झाला का हे बघायची एक युक्ती मला फार आवडते. प्रत्येक दीर्घिकेची दिशा 45 अंशांनी फिरवायची आणि सगळं गणित पुन्हा करायचं. गुरुत्वाने आलेला ताण केंद्राभोवती स्पर्शरेषेच्या दिशेला असतो, म्हणून फिरवल्यावर उत्तर शून्य यायला हवं. शून्य आलं नाही तर तुझ्या मोजणीत गुरुत्वाखेरीज आणखी काहीतरी शिरलंय. कोणीही नवा नकाशा दाखवला की मी आधी हा आलेख मागतो.

आणखी दोन खोड्या. क्लस्टरमधल्याच दीर्घिका चुकून "मागच्या" यादीत आल्या तर त्यांना ताण नसल्यामुळे सरासरी उतरते आणि केंद्राजवळचं वस्तुमान कमी दिसतं. आणि संपूर्ण चित्रावर वस्तुमानाचा एकसारखा पत्रा घातला, बाकीचं त्या मापात कमी केलं, तर दीर्घिकांचे आकार तसेच राहतात. निव्वळ आकारांवरून हा पत्रा ओळखता येत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या अंतरांवरचे स्रोत किंवा प्रतिमा किती मोठ्या झाल्या याचं माप लागतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. दोन पेपरांतले आकडे जुळले नाहीत की आधी व्याख्या बघ. भिंग आपल्याला दृष्टिरेषेवरचा अख्खा दंडगोल मोजून देतं, क्ष-किरणवाले गोळ्याचं वस्तुमान सांगतात. कोणी सरासरी घनता क्रांतिक घनतेच्या (विश्व सपाट राहायला लागणाऱ्या सरासरी घनतेच्या) 200 पट होते तिथवरचं वस्तुमान देतो, कोणी 500 पटीपर्यंतचं. निम्मी भांडणं इथेच मिटतात. उरलेल्यांत खरी भौतिकी असते. एबेल 1689 मध्ये केंद्राजवळ क्ष-किरणांवरचं वस्तुमान भिंगापेक्षा बरंच कमी आलं, आणि भिंगावरून केंद्र सिद्धान्ताच्या अपेक्षेपेक्षा फार गच्च दिसलं. त्याचा एक पटणारा उलगडा असा की हा क्लस्टर लांबुळका आहे आणि लांब बाजू आपल्याकडे रोखलेली आहे. असे क्लस्टर भिंग म्हणून जास्त ठळक दिसतात, त्यामुळे आपल्या यादीत त्यांचीच भरती होते.

सिद्धान्ताची अपेक्षा म्हणजे नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांनी 1990 च्या दशकात संगणकी प्रयोगांतून काढलेला उतार: आत घनता त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात, बाहेर त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. बाहेरच्या भागात तो छान जुळतो. अगदी आत मोठी मध्यवर्ती दीर्घिका बसलेली असते, तिचे तारे वजा केल्याशिवाय कृष्णद्रव्य दिसत नाही. 2013 मध्ये न्यूमन आणि सहकाऱ्यांनी सात क्लस्टरांत कमानी, दुर्बल भिंग आणि मध्यवर्ती दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग एकत्र वापरले. एकूण वस्तुमानाचा उतार अपेक्षेसारखाच, पण एकट्या कृष्णद्रव्याच्या उताराचा घातांक 0.5 च्या आसपास, म्हणजे अपेक्षेतल्या 1 पेक्षा सपाट निघाला. यावर अजून एकमत नाही.

बुलेट क्लस्टरचं महत्त्व मांडणीच्या बारकाव्यात नाही, जागेत आहे. दोन क्लस्टर एकमेकांतून आरपार गेले. वायू वायूला अडला आणि मधे राहिला, दीर्घिका पुढे निघून गेल्या. वायूचं वजन ताऱ्यांच्या कितीतरी पट. तेव्हा कृष्णद्रव्य नसतं तर भिंगाचं शिखर वायूवर यायला हवं होतं. 2006 मध्ये क्लोव आणि सहकाऱ्यांना ते दीर्घिकांवर सापडलं. यावरून कृष्णद्रव्य स्वतःशीही फारसं धडकत नाही असं दिसतं. धडकण्यासाठीच्या क्षेत्रफळाची वरची मर्यादा साधारण दर ग्रॅमला एक चौरस सेंटीमीटर. 2015 मध्ये 72 धडकांवरून ती 0.47 वर आणल्याचा दावा झाला, 2018 मध्ये त्याच प्रकारच्या माहितीच्या फेरतपासणीत ती दोनच्या आसपास सैल झाली. एबेल 3827 मध्ये 2015 साली कृष्णद्रव्य आपल्या दीर्घिकेपासून सरकलेलं वाटलं, बातम्या झाल्या. आल्मा या रेडिओ दुर्बिणीची नीट माहिती आल्यावर 2018 मध्ये त्याच गटाने सरकणं दिसत नाही असं लिहिलं. एबेल 520 मध्ये दीर्घिका नसलेला काळा गाभा आहे की नाही यावर दोन गट हबलचीच चित्रं घेऊन वर्षानुवर्षं भांडले. म्हणून "सापडलं" वाचलंस की पुढची चार वर्षंही वाच.

आता नाशिक. बुलेट क्लस्टर अगस्त्य ताऱ्यापासून सहाएक अंशांवर आहे आणि आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम 14 अंश चढतो. ते दर्शन सोडून दे. लागणारी माहिती मात्र सगळी उघडी आहे. हबलच्या फ्रंटिअर फील्ड्स प्रकल्पातले सहा क्लस्टर, वेब दुर्बिणीची चित्रं, मार्च 2025 मध्ये खुली झालेली युक्लिड अवकाश दुर्बिणीची पहिली झलक, सगळं साध्या लॅपटॉपवर उतरतं. पायथन येत असेल तर सुरुवात खऱ्या आकाशापासून करू नकोस. गॅलसिम हे दीर्घिकांची चित्रं बनवणारं सॉफ्टवेअर वापरून खोटं आकाश बनव, त्यात तुला माहीत असलेलं वस्तुमान ठेव आणि तेच परत काढता येतं का बघ. पहिल्या खेपेला बहुधा कमी येईल. का कमी आलं हे शोधण्यातच एक सत्र जातं, आणि तो वेळ वाया जात नाही.

वेळ कमी असेल तर याहून सोपा आणि माझ्या मते जास्त चांगला प्रोजेक्ट आहे. फ्रंटिअर फील्ड्सच्या प्रत्येक क्लस्टरचे वेगवेगळ्या गटांनी काढलेले वस्तुमान-नकाशे संग्रहात ठेवलेले आहेत. एबेल 2744 घे, चार गटांचे नकाशे उतरव, एकाच मापावर आण आणि दोन-दोन वजा कर. कमानी जिथे दाट आहेत तिथे वजाबाकी शून्याजवळ येईल. जिथे एकही प्रतिमा नाही तिथे आकडे कसे पळतात ते बघ. मग प्रत्येक जागेसाठी जवळच्या प्रतिमेपर्यंतचं अंतर आडव्या अक्षावर आणि गटांमधला फरक उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढ. तो आलेख पाठव, पुढचं त्यावर बोलू.